आधी आकडा, मग स्विच: इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरला सर्किट आणि लॅब कशी सांभाळायची

बारावी-सीईटी करून आलेले असा, नाहीतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसलेले असा, इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरला पहिला दणका एकाच विषयाचा बसतो. कुठे त्याला नेटवर्क थिअरी म्हणतात, कुठे नेटवर्क अॅनालिसिस, कुठे सर्किट अॅनालिसिस. सोबत आठवड्यातून दोन तासांचं प्रॅक्टिकल असतं आणि बहुतेक पोरं या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून चालतात: वर्गात गणितं सोडवायची आणि लॅबमध्ये जर्नल उतरवायचं. असं करून पास होता येतं, पण कळत काहीच नाही.

यावर माझा एकच उपाय आहे. प्रॅक्टिकलला जायच्या आदल्या दिवशी सर्किट कागदावर सोडवा, मीटर काय दाखवणार तो आकडा पेननं लिहून ठेवा आणि मगच टेबलाजवळ जा. आकडा आधी लिहिलेला असला की मीटर काहीतरी भलतंच दाखवायला लागल्याबरोबर तुम्ही सावध होता. लिहिलेला नसला की जे दिसेल ते खरं मानून घरी जाता. खालच्या सगळ्या पायऱ्या या सवयीभोवती रचल्या आहेत.

१. आधी आपली स्कीम आणि आपली दुखरी बाजू ओळखा

मराठवाड्यातली बरीच खासगी कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला, म्हणजे आपल्या बाटूला जोडलेली आहेत. तिथे थिअरीच्या विषयाला कंटिन्युअस असेसमेंट २०, मिड सेम २० आणि एंड सेम ६० अशी गुणांची विभागणी असते. नांदेडचं एसजीजीएस किंवा संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त असल्यामुळे त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या त्यांच्या. सीनियरच्या नोट्स झेरॉक्स करण्याआधी त्या तुमच्याच स्कीमच्या आहेत का, एवढं बघून घ्या. दरम्यान स्कीम बदललेली असते आणि झेरॉक्सवाल्याकडे जुनाच गठ्ठा पडून असतो.

आता दुखरी बाजू. डिप्लोमावाल्यांचा हात बसलेला असतो. वायर सोलणं, मीटर लावणं, फ्यूज बघणं त्यांना सांगावं लागत नाही, पण लाप्लास आणि डिफरन्शियल इक्वेशन समोर आलं की घाम फुटतो. बारावीवाल्यांचं नेमकं उलट. म्हणून लॅबच्या बॅचमध्ये जोडीदार निवडताना गावचा मित्र निवडू नका, दुसऱ्या बाजूचा निवडा. सेमिस्टर संपेपर्यंत दोघांचाही फायदा होतो.

डिप्लोमावाल्यांना आणखी एक सांगायचंय. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश उशिरा होतात. तुम्ही कॉलेजात पोचता तोवर दोन-तीन प्रॅक्टिकल होऊन गेलेली असतात. पहिल्याच आठवड्यात लॅब असिस्टंटला भेटून ती कधी करून घ्यायची ते ठरवा. सबमिशनच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेलात तर ते ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

२. सामान

- जर्नल, ग्राफ पेपर आणि थोडे सेमीलॉग पेपर (रेझोनन्स आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सला लागतात)
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ज्यावर कॉम्प्लेक्स संख्या आणि तीन चलांची समीकरणं सुटतात असा. कॅसिओच्या ९९१ मालिकेतला बहुतेकांकडे असतो
- स्वतःचा डिजिटल मल्टिमीटर
- ब्रेडबोर्ड, जंपर वायर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप
- पाव वॅटचे रेझिस्टर: १०० ओहम, १ किलो, २.२ किलो, १० किलो, १ मेगा, प्रत्येकी पाच-सहा
- १००० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १६ व्होल्ट किंवा वरचा
- टेस्टर, वायर स्ट्रिपर, बंद बूट

यातलं मीटर आणि कॅल्क्युलेटर सोडून बाकी सामान फार महाग नाही. जिल्ह्याच्या गावात टीव्ही-मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानांच्या ओळीत सगळं मिळतं. तालुक्याला असाल तर ऑनलाइन मागवा, पण रेझिस्टर सुट्या किमतीत महाग पडतात, दोघा-तिघांनी मिळून पाकीट घ्या.

३. गणिताची सवय: समीकरण मांडण्याआधी मोजा

किर्खॉफचे दोन नियम सगळ्यांना पाठ असतात. (गुस्ताव किर्खॉफनं ते १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो स्वतः विद्यार्थीच होता, वय २१.) घोळ नियमात होत नाही, चिन्हात होतो. सगळ्या मेश करंटची, म्हणजे लूपमधून फिरणाऱ्या करंटची, दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे धरा आणि शेवटपर्यंत ती बदलू नका. उत्तर उणे आलं तर येऊ द्या, करंट उलट्या दिशेनं जातोय एवढाच त्याचा अर्थ.

मेश (लूपच्या करंटची समीकरणं) लावायचं की नोडल (नोडच्या व्होल्टेजची), हे आवडीवर ठेवू नका. सर्किटमध्ये लूप किती आणि नोड किती ते मोजा, ज्याची समीकरणं कमी ती पद्धत घ्या. करंट सोर्स जास्त असतील तर नोडल सोपं जातं, व्होल्टेज सोर्स जास्त असतील तर मेश.

परीक्षेत हमखास गुण घालवणाऱ्या चार जागा:

कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलेला असतो. एसीच्या प्रत्येक गणिताआधी वरच्या कोपऱ्यात डिग्रीची खूण बघा.

थेवेनिनचा रोध (सगळं सर्किट एक सोर्स आणि एक रोध असं धरल्यावर येणारा) काढताना डिपेंडंट सोर्सही (सर्किटमधल्या दुसऱ्या करंट-व्होल्टेजवर अवलंबून असलेला) शून्य करून टाकतात. तो शून्य करायचा नसतो. स्वतंत्र सोर्स तेवढे मारा, टोकांना १ व्होल्टचा सोर्स लावा, करंट किती येतो ते काढा आणि भागाकार करा.

सुपरपोझिशननं (एकेक सोर्स सुरू ठेवून आलेली उत्तरं मिळवायची पद्धत) पॉवरची बेरीज करतात. करंट आणि व्होल्टेजची बेरीज चालते, पॉवरची नाही, कारण पॉवर करंटच्या वर्गावर जाते.

ट्रान्झियंटमध्ये स्विच टाकण्याआधीची आणि टाकल्यानंतरची अवस्था एकत्र करतात. दोन वेगळी सर्किटं काढा. कपॅसिटरचं व्होल्टेज आणि इंडक्टरचा करंट, या दोनच गोष्टी एका सर्किटमधून दुसऱ्यात जशाच्या तशा नेता येतात.

४. पहिला प्रयोग खोलीवरच करा

लॅबची वाट बघू नका. होस्टेलच्या टेबलावर ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड सिरीजमध्ये जोडा. कपॅसिटरच्या अंगावर उणे चिन्हांचा पट्टा असतो, ती बाजू बॅटरीच्या उणेकडे. उलटा लावलात तर तो गरम होऊन फुटू शकतो. टाइम कॉन्स्टंट म्हणजे रोध गुणिले कपॅसिटन्स, इथे बरोबर १० सेकंद. आता आधी लिहा: १० सेकंदांनी ६३ टक्के म्हणजे ५.७ व्होल्ट, २० सेकंदांनी ७.८, ३० सेकंदांनी ८.५ च्या जरा वर. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि मीटरकडे बघा.

आकडे थोडे मागे-पुढे येतील. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा टॉलरन्स बहुतेक वेळा २० टक्के असतो आणि नव्या बॅटरीचं व्होल्टेजही नेमकं ९ नसतं. हा फरक का आला ते वहीत एका ओळीत लिहा. व्हायवात विचारतात ते हेच.

मग थेवेनिन. लॅबमध्ये १२ व्होल्टचा सप्लाय, १ किलोओहम सिरीजमध्ये आणि २.२ किलोओहम आडवा, म्हणजे आउटपुटच्या दोन टोकांमध्ये. कागदावर थेवेनिन व्होल्टेज १२ गुणिले २.२ भागिले ३.२, म्हणजे ८.२५ व्होल्ट. रोध दोघांचा समांतर, ६८७.५ ओहम. लोड १ किलोओहम लावला तर करंट ८.२५ भागिले १६८७.५, म्हणजे ४.८९ मिलिअँपिअर. प्रत्यक्षात ४.८ च्या आसपास दिसला तर ठीक. सोनेरी पट्टीचे रेझिस्टर ५ टक्क्यांचे असतात आणि मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटरचा स्वतःचाही थोडा रोध सर्किटमध्ये शिरतो. ०.७७ दिसला तर मात्र थांबा आणि जोडणी बघा. बहुतेक वेळा १ किलोच्या जागी दुसराच रेझिस्टर गेलेला असतो. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलो, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलो आणि ट्यूबलाइटखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. रंग वाचत बसू नका. बोर्डात खोचण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजा.

ब्रेडबोर्डचं एक: लांब बोर्डांवर कडेच्या पॉवरच्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असू शकतात. डाव्या अर्ध्याला सप्लाय आहे आणि उजव्याला नाही, या एका गोष्टीनं कित्येक प्रॅक्टिकलं वाया जातात. कंटिन्युइटीवर एकदा तपासा, तुटलेली असेल तर तार टाकून जोडून घ्या आणि विषय संपवा.

५. मल्टिमीटर: निम्मी बॅच इथेच अडकते

व्होल्टमीटर पॅरललमध्ये, अमीटर सिरीजमध्ये, हे नववीच्या पोरालाही येतं. अडचण लाल प्रोबची होते. करंट मोजला, प्रोब १० अँपिअरच्या भोकात तसाच राहिला आणि पुढच्या मिनिटाला त्याच मीटरनं व्होल्टेज मोजायला गेलो, की ते सरळ शॉर्ट सर्किट. स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे मध्ये वाचवायला काही नाही. ५ व्होल्टच्या सप्लायवर फार तर ठिणगी उडेल, पण २३० व्होल्टवर प्रोब वितळतो आणि हात भाजतो. करंट मोजून झाला की पहिलं काम, प्रोब परत व्होल्टच्या भोकात.

दुसरा सापळा मिलिअँपिअरच्या फ्यूजचा. कॉलेजच्या मीटरचा फ्यूज आधीच्या बॅचनं उडवलेला असतो. तुम्ही सर्किट जोडता, करंट शून्य येतो आणि अर्धा तास सर्किटमध्ये चूक शोधता. सर्किट नीट असतं, मीटरच तुटक असतं. दुसरं मीटर कंटिन्युइटीवर ठेवून पहिल्या मीटरच्या दोन्ही प्रोबना लावा. पहिलं मीटर मिलिअँपिअरवर असताना रोध अगदी कमी दिसायला हवा.

तिसरी गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते आणि लॅबमध्ये कोणी दाखवत नाही. १० व्होल्टवर १ मेगाचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा आणि एकाच्या टोकांना व्होल्टेज मोजा. कागदावर ५ व्होल्ट. चांगल्या मीटरचा इनपुट रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यावर ४.७६ दिसेल. ज्या स्वस्त मीटरचा तो १ मेगाओहमच असतो, त्यावर ३.३३. दोन्ही मीटर खरं बोलताहेत, कारण मीटर लावल्याबरोबर सर्किटच बदललं. हा प्रयोग सिलॅबसमध्ये नसला तरी कराच. लोडिंग इफेक्ट म्हणजे काय हे नंतर कोणाला विचारावं लागत नाही.

६. सप्लाय, जनरेटर, सीआरओ

रेग्युलेटेड पॉवर सप्लायला दोन नॉब असतात, व्होल्टेजचा आणि करंट लिमिटचा. दुसरा नॉब पोरं फुल फिरवून ठेवतात. तसं करू नका. रेझिस्टरच्या सर्किटला १०० मिलिअँपिअर पुष्कळ झाले, तेवढंच ठेवा. जोडणी चुकली तर ‘सीसी’चा (कॉन्स्टंट करंटचा) दिवा लागेल, व्होल्टेज खाली येईल आणि काही जळणार नाही.

सीआरओची, म्हणजे ऑसिलोस्कोपची, एक गोष्ट पाठच करा. प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला जोडलेली असते आणि दोन्ही चॅनेलच्या क्लिपा आतून एकच असतात. एका चॅनेलची क्लिप एका नोडला आणि दुसऱ्याची भलत्याच नोडला लावलीत तर मधला भाग शॉर्ट झाला. आणि डिमरस्टॅटच्या (मेनचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं उपकरण) आउटपुटला सीआरओ कधीही, कधीही लावू नका. डिमरस्टॅट ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, मेनपासून तो वेगळा झालेला नसतो. अर्थची क्लिप फेजला टेकली तर धमाकाच.

सिरीज रेझोनन्सचं प्रॅक्टिकल हमखास असतं. १० मिलिहेन्री आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले तर रेझोनन्स ५०३३ हर्ट्झला. १०० ओहमवर बँडविड्थ १५९२ हर्ट्झ यायला हवी. ग्राफ काढल्यावर ती बरीच मोठी निघते आणि मग जर्नलमध्ये पेन्सिलनं वक्र ‘सुधारला’ जातो. असं होतं कारण फंक्शन जनरेटरच्या आत ५० ओहम आहेत आणि कॉइलच्या तारेचा रोध वेगळाच, समजा २० ओहम. एकूण १७० ओहमवर हिशेब केला तर बँडविड्थ २७०६ हर्ट्झ. यातले ५० ओहम टाळता येतात: चॅनेल एकवर इनपुट बघत राहा, रेझोनन्सजवळ ते खाली बसतं, प्रत्येक रीडिंगला जनरेटरच्या नॉबनं ते परत मूळ जागी आणा. कॉइलचा रोध मात्र टाळता येत नाही, तो आधी मल्टिमीटरनं मोजून हिशेबात धरा.

७. २३० व्होल्टच्या टेबलावर

इथे गंमत नाही. २३० व्होल्ट हे आरएमएस मूल्य, शिखरावर ३२५ व्होल्ट जातात. हातातलं कडं, अंगठी काढून खिशात ठेवा. चप्पल घालून आलात तर परत पाठवतील, पाठवायलाच हवं. जोडणी पूर्ण झाली की सरांना दाखवल्याशिवाय मेन टाकू नका. डिमरस्टॅट शून्यावर आहे का ते बघून मगच स्विच टाका. एकही तार हलवायची असेल तर आधी मेन बंद.

चोक आणि रेझिस्टन्स सिरीजमध्ये लावून फेझर डायग्राम काढायचं प्रॅक्टिकल यातलंच. रेझिस्टन्सवर ६० आणि चोकवर ८० व्होल्ट दिसले की पोरं १४० म्हणतात. शुद्ध इंडक्टर असता तर काटकोनानं १०० आले असते. प्रत्यक्षात सप्लाय १०० पेक्षा थोडा जास्त दिसतो, कारण चोकच्या तारेला स्वतःचा रोध आहे. तीन व्होल्टेजचा त्रिकोण कंपासनं काढा, चोकचा खरा कोन आपोआप मिळतो.

वॅटमीटरला मल्टिप्लाइंग फॅक्टर लावायला विसरू नका: ३०० व्होल्ट, ५ अँपिअरची रेंज आणि स्केल ७५० पर्यंत असेल तर प्रत्येक रीडिंगला दोनानं गुणा. काटा असलेलं मीटर वाचताना आरशातला काटा खऱ्या काट्याखाली लपेपर्यंत डोकं हलवा.

८. थ्री फेज: शेतावर शिकलेलं इथे वापरा

ज्यांच्या घरी विहिरीवर मोटार आहे त्यांना थ्री फेज माहीतच असतं, फक्त नावं वेगळी असतात. फेज गेली की मोटार घुमते, हे गावातल्या पोराला पाठ्यपुस्तकाआधी कळलेलं असतं.

डीपीवर न्यूट्रल तुटला की गावात काहींचे टीव्ही जळतात आणि काहींचे बल्ब मिणमिणतात. असं का होतं? सोडवून बघा. एका फेजवर १००० वॅटची शेगडी, दुसऱ्यावर १०० वॅटचा बल्ब, तिसऱ्यावर काही नाही. शेगडीचा रोध ५२.९ ओहम, बल्बचा ५२९. न्यूट्रल असेपर्यंत दोघांनाही २३०. न्यूट्रल गेला की हे दोघं सिरीजमध्ये येतात आणि त्यांच्यावर दोन फेजमधले ३९८ व्होल्ट पडतात. रोध बदलत नाही असं धरलं तर शेगडीला ३६ आणि बल्बला ३६२ व्होल्ट. ज्याच्या घरी वापर कमी, त्याचंच सामान जळतं. अनबॅलन्स्ड स्टारचं कुठलंही गणित याच पद्धतीचं असतं.

टू वॅटमीटर पद्धतीत (थ्री फेजची पॉवर दोन वॅटमीटरनं मोजताना) एक काटा मागे जायला लागला की घाबरू नका. पॉवर फॅक्टर ०.५ असताना एक मीटर शून्य दाखवतं, त्याखाली गेला की उणे. मेन बंद करून त्या मीटरच्या करंट कॉइलची टोकं बदला, रीडिंग घ्या आणि हिशेबात उणे धरा. बेरीज करताना हे उणे विसरलात की पॉवर फॅक्टर चुकलाच.

९. सिम्युलेशन

एलटीस्पाइस फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये फाल्स्टॅडचं सिम्युलेटर उघडा, करंट वाहताना दिसतो. एलटीस्पाइसमध्ये इंग्रजी ‘एम’ अक्षर मोठं लिहा की लहान, त्याचा अर्थ मिलीच होतो. मेगासाठी ‘मेग’ लिहावं लागतं. एक मेगाओहमच्या जागी एक मिलिओहम पडलेला असतो आणि माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. ग्राउंड लावल्याशिवाय ते चालणार नाही, हेही लक्षात असू द्या.

सिम्युलेशन हिशेबानंतर करा. आधी केलंत तर कागदावर काही उतरत नाही.

१०. जर्नल, सबमिशन, व्हायवा

हजेरी ७५ टक्क्यांच्या वर ठेवा, नाहीतर टर्म ग्रँटचं, म्हणजे परीक्षेला बसू देण्याचं, रडगाणं सुरू होतं. रीडिंग घेतल्याच दिवशी कच्च्या वहीवर सरांची सही घ्या. जर्नलमध्ये निरीक्षणाच्या तक्त्याला एक रकाना वाढवा: कागदावर काढलेलं मूल्य. त्याच्या शेजारी मोजलेलं, त्याच्या शेजारी टक्क्यांतला फरक. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) जर्नल उघडतात तेव्हा बहुतेक वेळा याच तक्त्यावरून पहिला प्रश्न निघतो, आणि उत्तर तुमच्याच वहीत असतं.

व्हायवाला इंग्रजी अडखळत असेल तर सरळ सांगा, ‘सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?’ बरेच जण हो म्हणतात. फक्त इम्पिडन्स, अॅडमिटन्स, बँडविड्थ हे शब्द आहेत तसेच वापरा, पुस्तकी प्रतिशब्द शोधत बसू नका. विचारले जाणारे नेहमीचे प्रश्न: थेवेनिन कुठे चालत नाही? मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफरला एफिशियन्सी किती? (५० टक्के, म्हणूनच महावितरण ते तत्त्व वापरत नाही.) अमीटर चुकून पॅरलल लावला तर काय होईल? तुमच्या पाचव्या रीडिंगमध्ये फरक सगळ्यात जास्त का आहे?